आडवं पडलेलं कार्ड चालू का बंद? एका डावाचं पूर्ण प्रकरण

सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती, संक्रांतीचे दिवस, भाचा पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं आला होता आणि आमच्या चुलत भावानं, ज्याला घरातले झाडून सगळे दादाच म्हणतात, माळ्यावरनं बुटाचा एक खोका खाली काढला. खोक्यात मॅजिक: द गॅदरिंगचे पत्ते. चार-पाचशे तरी असतील, रबर लावून बांधलेले, रबर वितळून वरच्या दोन-तीन पत्त्यांना चिकटलेलं. दादा ९७ ला वायटूकेच्या कामाला अमेरिकेला गेला होता, तिथं रूममेटनं हा खेळ शिकवला आणि जाताना अर्धे पत्ते यालाच देऊन टाकले. दादा परत आला फेब्रुवारी ९९ ला. ही तारीख जरा डोक्यात ठेवा, पुढं सगळं भांडण इथंच अडकणारे.

भाचा हाच खेळ मोबाईलवर खेळतो, अरेना नावाच्या ॲपवर. त्यानं कागदाचे पत्ते हातात घेऊन खेळलेले नव्हते, त्यामुळं पोरगं एकदम खूश. बाळीवेशीतलं जुनं घर, खाली चादर अंथरलेली, बाजूला हुरडा आणि शेंगाची चटणी, आणि मी पंच. पंच का, तर मला दोन्ही बाजूचं थोडं थोडं येतं म्हणून, पूर्ण कुठलंच येत नाही हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

जे हा खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी जेवढ्यास तेवढं सांगतो. प्रत्येकाचा आपापला गठ्ठा असतो. जमिनीची कार्डं मांडायची, ती आडवी केली की माना मिळतो, माना म्हणजे पैसा समजा, त्यातनं बाकीची कार्डं खेळायची. आडवं करणं म्हणजे टॅप. आपली पाळी आली की आधी आपलं सगळं परत उभं करायचं, मग अपकीप म्हणून एक टप्पा, मग गठ्ठ्यातनं एक पान ओढायचं, मग खेळ. वीस लाइफनं सुरुवात, शून्यावर आलात की संपलात. बस, एवढंच लागतंय.

डाव कसा होता ते आता नीट सांगतो कारण पुढं एकेका आकड्याला महत्त्व आहे.

दादाकडं चार गोष्टी मांडलेल्या. हाउलिंग माइन, ही असली की दोन्ही खेळाडूंना दरवेळी एक पान जास्त ओढायला मिळतं. ब्लॅक वाइस, वाइस म्हणजे आपल्याकडं कारखान्यात बाकड्याला लावलेला असतो तोच शिकंजा, आणि काम पण तेच, समोरच्याच्या अपकीपला त्याच्या हातात चारापेक्षा जितकी पानं जास्त तितकं लाइफ कमी. तिसरं आयसी मॅनिप्युलेटर, एक माना देऊन कुठलंही आर्टिफॅक्ट (म्हणजे वस्तूचं कार्ड, माइन, वाइस, आयसी सगळी त्यातलीच), प्राणी किंवा जमीन आडवी करता येते. आणि चौथा एक मेसा पेगॅसस, एक ताकदीचा उडता घोडा. माइन पानं देते आणि वाइस जास्त पानांबद्दल मारतो, म्हणजे एका हातानं जेवायला वाढायचं आणि दुसऱ्या हातानं जास्त का खाल्लं म्हणून फटके द्यायचे. नव्वदीतली गाजलेली जोडी आहे ही. वाइस तर इतका त्रासदायक की लेगसी नावाच्या स्पर्धेच्या प्रकारात त्यावर कित्येक वर्षं बंदी होती, ती २०१५ ला उठली.

भाच्याकडं दोनच जमिनी, एक आयलंड एक माउंटन, आणि हातात सात पानं, एक सोडून सगळी पाच-पाच सहा-सहा मानाची. लाइफ सहा. जमीन येईना म्हणून पानं खाली उतरेनात, पानं उतरेनात म्हणून वाइस चावतोय. त्याला हवं होतं शॅटर, दोन मानात एक आर्टिफॅक्ट फोडणारं. दादाला हे माहीत होतं. म्हणून त्यानं आपल्या पाळीत स्वतः दोन पानं ओढली आणि मग आयसी वापरून स्वतःचीच माइन आडवी केली.

आता भाच्याची पाळी. अपकीप, सात पानं, वाइसचे तीन फटके, लाइफ तीन. भाचा दोन पानं ओढायला गेला.

"एकच," दादा म्हणला.

"का? माइन आहे की."

"आडवी आहे. आडवं पडलेलं आर्टिफॅक्ट बंद असतंय."

"कुठं लिहिलंय बे?" म्हणला आणि लगेच जीभ चावली, "म्हणजे मामा, कार्डावर कुठं लिहिलंय?"

आम्ही कार्ड बघितलं. रिव्हाइज्ड एडिशनची माइन, १९९४ ची छपाई. प्रत्येक खेळाडूनं आपल्या ड्रॉच्या वेळी एक पान जास्त घ्यावं, एवढंच. उभी, आडवी, काही नाही. मग दादानं आयसी दाखवलं, आइस एज नावाच्या संचातलं, १९९५ चं. त्यावर टॅप करा वगैरे झाल्यावर खाली एक वाक्य आहे की टार्गेट केलेल्या कार्डातून कुठलेही इफेक्ट निघत नाहीत. "हे बघ," दादा म्हणला, "इफेक्ट निघत नाहीत. संपलं. आणि तसा नियमच आहे, पुस्तकात होता." पुस्तक कुठाय तर ते वाळवीनं खाल्लं. भाचा मोबाईल काढायला लागला तर दादा म्हणला, "ठेव तो, हे पत्ते त्या मोबाईलच्या आधीचे आहेत."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं दादा एवढं छातीठोक सांगतोय म्हणजे असणार, आणि ते वाक्य पण तसंच वाटतंय. आणि मी निकाल दिला, शब्द मला आठवतात: टॅप झालेलं आर्टिफॅक्ट बंद, दोघांना सारखाच नियम.

भाच्यानं एक पान ओढलं. माउंटन. मांडली, हातात परत सात, आपल्या पाळीत टाकण्यासारखं काही नाही, पाळी दिली.

दादाची पाळी. सगळं उभं, दोन पानं ओढली, परत आयसीनं माइन आडवी. पेगॅससनं हल्ला, भाच्याचं लाइफ दोन. मग दादा म्हणला झालं माझं, आणि तेवढ्यात भाच्यानं आयलंड आडवं करून एक पान टाकलं. ट्विडल. एका मानाचं निळं इन्स्टंट, म्हणजे समोरच्याच्या पाळीतही टाकता येणारं, कुठलंही आर्टिफॅक्ट, प्राणी किंवा जमीन आडवी नाहीतर उभी करायची. "वाइस आडवा," म्हणला. पोरगं असं हसत होतं की काय सांगू. हातात सहा पानं राहिली, अपकीप आला, वाइस आडवा म्हणजे बंद, फटके शून्य. तुमचाच नियम मामा.

दादा गप्प. मग हळूच म्हणतो, "नाही पण, वाइसला कुठं लिहिलंय तसं?"

अरे! दहा मिनिटांपूर्वी लिहिलेलं नसलं तरी नियम आहे म्हणणारा माणूस हा.

मग जे व्हायचं ते झालं, आवाज वाढले, आतनं वहिनी म्हणाल्या काय चाललंय ओ, आणि भाच्यानं रागात मोबाईल काढला, की आता दाखवतोच आर्टिफॅक्ट टॅप झालं की बंद हा नियम. दहा मिनिटं शोधला. नाहीच. असा नियम आजच्या नियमात नाहीच आहे. ब्लॅक वाइसचा आजचा अधिकृत मजकूर काढला, त्यातही उभं-आडवं काही नाही. म्हणजे आडवा असला तरी वाइस मारतोच. सहा पानं, दोन फटके, लाइफ दोन. पोरगं स्वतःच्या मोबाईलनं स्वतःच मेलं, आणि मी मान डोलावून म्हणलं हो, वाइस चालू, संपला डाव.

जाताना भाच्यानं गठ्ठ्यातलं वरचं पान उलटं केलं. शॅटर.

म्हणजे आधीच्या पाळीत दोन पानं ओढू दिली असती तर तेच दुसरं पान होतं. दोन माउंटन होत्या, तिथंच वाइस फोडला असता. तो काही बोलला नाही, उठून गच्चीवर गेला, आणि मला त्या रात्री झोप काही लागली नाही. म्हणून वाचत बसलो, आणि जे सापडलं ते असं.

हा खेळ आला ऑगस्ट १९९३ ला, रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या माणसानं बनवला, विझार्ड्स ऑफ द कोस्टनं छापला. पहिल्या छपाईला अल्फा म्हणतात, २९५ कार्डं. त्या कार्डांवरचं लिखाण वाचलं तर असं वाटतं की कुणीतरी शेजारी बसून तोंडी सांगतंय. ठरलेले शब्द नाहीत, ठरलेला साचा नाही. खेळ छापायच्या आधीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे, टाइम वॉक नावाच्या कार्डावर कच्च्या प्रतीत लिहिलेलं की प्रतिस्पर्धी पुढची पाळी हरतो, म्हणजे त्याची एक पाळी जाते, पण इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ पण होतो, आणि एक खेळाडू गारफिल्डकडं येऊन म्हणाला माझ्याकडं असं कार्ड आहे की पुढच्या पाळीत मी जिंकणारच. शब्द तेच, खेळ वेगळा.

आता आपल्या भांडणाचं मूळ. अल्फात टॅपचं चिन्हच नव्हतं. कुठलं आर्टिफॅक्ट कसं वापरायचं हे कळावं म्हणून त्यांचे प्रकार कार्डावरच छापलेले: मोनो, पॉली आणि कंटिन्युअस. मोनो म्हणजे वापरलं की आडवं, पाळीला एकदाच. पॉली म्हणजे माना असेल तितक्या वेळा. कंटिन्युअस म्हणजे सतत चालू. आणि या कंटिन्युअसबद्दल नियमपुस्तिकेत होतं की हे सतत चालू, पण कुणी आडवं केलं तर उभं होईपर्यंत बंद. माइन कंटिन्युअस होती. वाइस पण कंटिन्युअस होता.

मग एप्रिल १९९४ ला रिव्हाइज्ड आली आणि त्यांनी कार्डं साफसूफ केली. टॅपला चिन्ह आलं, गोलात तिरका टी. चिन्ह आलं म्हणल्यावर मोनो-पॉलीची गरज संपली, ते शब्द काढले, त्यांच्याबरोबर कंटिन्युअस पण काढला, तिन्हींच्या जागी नुसतं आर्टिफॅक्ट. दिसायला छान झालं. पण नियम राहिला की! पुस्तकात राहिला आणि कार्डावरनं त्याची खूण गेली. म्हणजे रिव्हाइज्डची माइन हातात धरून तुम्ही कितीही वेळा वाचा, ती आडवी पडली की बंद होते हे तुम्हाला कळायला कुणीतरी सांगणाराच पाहिजे. दादाला रूममेटनं सांगितलं होतं. भाच्याला सांगणारं कुणी नव्हतं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली खरी चूक ही आहे, तीस वर्षांपूर्वी कुणीतरी कार्डावरनं एक शब्द पुसला आणि बाळीवेशीत भांडण लागलं.

आयसीवरचं ते वाक्य तर अजून मजेशीर. दादानं त्याचा अर्थ लावला की कार्ड बंद पडतं. ते वाक्य त्यासाठी नव्हतंच. सुरुवातीला लोकांच्या डोक्यात असं की टॅप केलं की इफेक्ट येतो, जमीन आडवी केली की माना येतो, मग मी तुझी जमीन आयसीनं आडवी केली तर माना कुणाला? मोनो आर्टिफॅक्ट आडवं केलं तर त्याचं काम होणार का? म्हणून स्पष्ट लिहिलं की नुसतं आडवं होणार, त्यातून काही निघणार नाही. पुढं वापर म्हणजे आधी किंमत मोजायची आणि टॅप हा त्या किमतीचा भाग, हे नियमात पक्कं बसलं आणि ते वाक्य बिनकामाचं झालं. आज आयसीच्या मजकुरात ते नाहीच, नुसतं एक माना, टॅप: टार्गेट आर्टिफॅक्ट, प्राणी किंवा जमीन टॅप करा. दादानं निकाल बरोबर मागितला पण पुरावा दिला तो चुकीचा.

आता एप्रिल १९९९. सिक्स्थ एडिशन. दादा सोलापुरात येऊन दोन महिने झालेले, तो कुठंतरी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बसलेला, आणि तिकडं या खेळाचा पायाच बदलला. इंटरप्ट नावाचा कार्डांचा अख्खा प्रकार गेला. स्टॅक आला, म्हणजे जे शेवटी टाकलं ते आधी लागू. समन अमुक-तमुक असं लिहायचे तिथं क्रिएचर आलं. आधी आडवा पडलेला प्राणी ब्लॉक करत असला तरी मारत नव्हता, तो मारायला लागला. आणि आडवं आर्टिफॅक्ट बंद हा नियमही त्याच झाडलोटीत गेला. मला ही झाडलोट पटते, खरंच पटते, कारण जो नियम कार्डावर दिसत नाही तो लक्षात ठेवायला जुनेजाणते लागतात आणि नवीन पोरगं दरवेळी त्यांच्या तोंडाकडं बघत बसतं.

पण मग माइनचं काय? माइन आडवी करून फक्त आपणच जास्त पान खायचं ही खेळी लोकांची लाडकी होती. नियम गेला तर खेळी पण गेली. तर त्यांनी काय केलं, नियम काढला आणि माइनच्या मजकुरातच ते घातलं. आजचा मजकूर: प्रत्येक खेळाडूच्या ड्रॉ स्टेपच्या सुरुवातीला, हाउलिंग माइन अनटॅप्ड (म्हणजे उभी) असेल तर, त्या खेळाडूनं एक पान जास्त ओढावं. सगळा इतिहास त्या दोन स्वल्पविरामांच्या मधे बसलाय.

वाइसला हे मिळालं नाही. अँख ऑफ मिश्राला पण नाही, तेही एके काळचं कंटिन्युअसच. विंटर ऑर्बचं तर अजून वेगळं, मधली कित्येक वर्षं त्याला हे कलम नव्हतं आणि २०१६ ला एटर्नल मास्टर्स नावाच्या संचात छापताना ते परत आलं. म्हणजे एकाच नियमाखाली एका वर्गात बसलेली पोरं, नियम गेल्यावर कुणाला दाखला मिळाला, कुणाला उशिरा मिळाला, कुणाला मिळालाच नाही. तर्कानं हे ओळखता येत नाही. एकेक कार्ड काढून बघावंच लागतं.

आणि बघायचं कुठं तर कार्डावर नाही. हे भाच्याला माहीत होतं आणि दादाला शेवटपर्यंत पटलं नाही. आजचा नियम असा की कार्ड कुठल्याही सालचं असो, त्याचा अधिकृत मजकूर म्हणजे ऑरॅकल, कंपनीनं ठेवलेला चालू मजकूर. छापलेलं जुनं झालं. दादा म्हणतो, "मग मी पैसे देऊन कागद घेतला तो काय चित्र बघायला?" हा प्रश्न मला अजिबात मूर्खपणाचा वाटत नाही. पण दुसरा मार्ग काय? तीस वर्षांत लिहायची पद्धतच इतक्या वेळा बदलली. सेरा एंजलवर पूर्वी अख्खं वाक्य असायचं की हल्ला केल्यानं ही टॅप होत नाही, २००४ पासून त्याला एका शब्दात व्हिजिलन्स म्हणतात. २००९ ला खेळात असणं याचं बॅटलफील्ड झालं, खेळातून बाहेर काढणं याचं एक्झाइल झालं, आणि मानाबर्न गेला, म्हणजे वापरला नाही तेवढा माना अंगाला लागायचा तो लागेना. (त्या दिवशी डावाच्या सुरुवातीलाच दादानं भाच्याला मानाबर्नचा एक डॅमेज घ्यायला लावला होता आणि पोरानं निमूट घेतला होता. तिथंच मला कळायला पाहिजे होतं की हे दोघं दोन वेगवेगळे खेळ खेळतायत.) लेजंडचा, म्हणजे एकाच नावाचं एकच मांडता येणाऱ्या कार्डांचा, नियम तर वेळोवेळी फिरला, आधी दुसरा आलेला जायचा, मग २००४ ला दोन्ही जायला लागले, मग २०१३ पासून ज्याचा त्यानं आपला एक ठेवायचा. जुनी आणि नवी कार्डं एका डावात खेळायची असतील तर सगळ्यांना आजच्या भाषेत आणणारी एक वही लागणारच. हे फक्त मॅजिकचंच नाही, युगिओ नावाच्या दुसऱ्या पत्त्यांच्या खेळवाल्यांनी पण २०११ ला कार्डांचं लिखाण नव्यानं बसवलं, तिथं तर विरामचिन्हावरनं ठरतं की काय अट, काय किंमत आणि काय परिणाम.

बरं, आता मुद्द्याचं. रात्री दोन वाजता मी कागदावर मांडून बघितलं की वेगवेगळ्या पुस्तकांप्रमाणं भाच्याचं काय झालं असतं.

छापलेल्या शब्दाप्रमाणं खेळलो असतो तर माइन आडवी असली तरी चालू. पोरगं दोन पानं ओढतं, माउंटन आणि शॅटर, वाइस फुटतो. वाचला.

दादाच्या ९८ च्या नियमाप्रमाणं खेळलो असतो तर माइन बंद, एकच पान. पण ट्विडलनं वाइस पण बंद. लाइफ दोनवर राहतं, पुढचं पान शॅटर. वाचला.

आजच्या ऑरॅकलप्रमाणं, माइन बंद, वाइस आडवा असला तरी चालू. हे जर त्याला आधी माहीत असतं तर त्यानं ट्विडल वाइसवर वाया घालवलंच नसतं. पेगॅसस हल्ल्याला यायच्या आधी त्यालाच आडवा केला असता. लाइफ तीनच राहिलं असतं, हातात सहा पानं, वाइसचे दोन, लाइफ एक. आणि मग पुढचं पान शॅटर. म्हणजे इथं पण वाचला, कसाबसा, पण वाचला.

मी ते तीनदा तपासलं. तिन्ही पुस्तकात पोरगं वाचतंय. मेलं ते फक्त माझ्या खिचडीत.

आणि गंमत अशी, म्हणजे गंमत नाही, की माझे दोन्ही निकाल सुटे सुटे बघितले तर आजच्या नियमाप्रमाणं एकदम बरोबर आहेत. माइन बंद, बरोबर. वाइस चालू, बरोबर. कुणी मोठा जज असता तरी हेच म्हणला असता. चुकलं ते कारण. मी नुसतं "माइन बंद" म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी मोठेपणानं नियम सांगितला, टॅप झालेलं आर्टिफॅक्ट बंद, दोघांना सारखं. पोरानं तो ऐकला, त्यावर हिशोब केला आणि हिशोब अगदी चोख केला. वाइस आडवा करून लाइफ दोन उरत होतं, पेगॅसस आडवा करून एक. माझा नियम खरा असता तर त्याची खेळी जास्त चांगली होती. तो माझ्या शब्दावर गेला आणि मी थोड्या वेळानं शब्द फिरवला.

आमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना भिंतीला लागून एका हातात झेल आला तर आउट असायचं, आणि नवीन कुणी आलं तर हे त्याला बॅटिंगच्या आधी सांगायचं, आउट झाल्यावर नाही, एवढं आम्हाला दहाव्या वर्षी कळत होतं. मेंढीकोट बसतो तिथं पण आधी ठरतं हुकूम कसा उघडायचा. पत्ते इंग्रजी झाले आणि मी ते विसरलो.

दादाबद्दल पण बोलायला पाहिजे कारण भाच्याला वाटलं त्यानं लबाडी केली. मला तसं वाटत नाही. त्याला माइनची खेळी पाठ होती, कारण रूममेट ती रोज करायचा. वाइस आडवा करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, त्यामुळं त्याच्या डोक्यात नियम नव्हता, एका कार्डाची सवय होती, आणि भांडताना त्यानं सवयीला नियमाचं नाव दिलं. आणि विचित्र म्हणजे ऑरॅकल लिहिणाऱ्यांनी पण शेवटी तेच केलं, नियम सोडला आणि त्या एका कार्डाची सवय जपली. दादाला हे सांगितलं तर त्यानं ते स्वतःचं कौतुक समजून घेतलं, असो.

सकाळी चहाला मी भाच्याला कागद दाखवला. म्हणलं चुकलं माझं, डाव मागं नेऊ, तुझं लाइफ तीन, ट्विडल हातात, दादाचा पेगॅसस अजून निघालेला नाही, तिथनं चालू करू. पोरगं कागद वाचत बसलं, बराच वेळ. मग म्हणतं, "नाही मामा, आता दादामामांना माझ्या वरच्या पानात शॅटर आहे ते माहितीये. तो डाव गेला." हे पण बरोबरच होतं.

मग दोघांनी मिळून खोका उपसला. एकेक आर्टिफॅक्ट काढायचं, मोबाईलवर आजचा मजकूर बघायचा, आणि फरक असेल तर कागदाची पट्टी करून मराठीत लिहायचं. कव्हरं नव्हती म्हणून हुतात्मा चौकातनं जाऊन प्लॅस्टिकची कव्हरं आणली, ती क्रिकेटच्या कार्डांची निघाली, जराशी मोठी, पण चालली. दुपारपर्यंत साठेक पट्ट्या झाल्या. वहिनी जेवायला बोलावून दमल्या. मधेच कुठंतरी दादा आणि भाचा परत भांडायला लागले, या वेळी नियमावरनं नाही, अक्षरावरनं, दादाचं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून.

माइनच्या कव्हरात भाच्याच्या अक्षरात आहे: "उभी असेल तरच." वाइसचं दादानं लिहिलंय, आणि दोनदा गिरवलंय: "आडवा पडला तरी चावतो."